पोटाला जुम्मा

मी एकदा प्लास्टिकचं कटलेट चावलं. इब्राहिमभाईंच्या दुकानात काचेच्या कपाटावर नमुन्याची बशी होती आणि मी सकाळपासून उपाशी होतो. माझी दाढ काम करत असताना इब्राहिमभाई समोरच हात बांधून उभे होते.

"सांगायचं नाही का?"

"तुमी एवढ्या मनापासून चावत होते, भाऊ. मला वाटलं, आवडलंय."

एवढं बोलून ते कमरेत वाकले. चेष्टा नव्हती ती. इब्राहिमभाई सगळ्यांनाच वाकतात. गिऱ्हाइकाला, पाण्याच्या बाटल्या आणणाऱ्या ड्रायव्हरला, फोनलासुद्धा. "हां, हां, भेंडी नको," असं भाजीवाल्याला फोनवर सांगताना प्रत्येक 'हां'ला त्यांची कंबर वाकते.

माणूस रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. ही सवय लागली ती मस्कतमधल्या एका जपानी इंजिनियरच्या घरी वर्षानुवर्षं स्वयंपाक करताना. साहेब जपानला परतले ते सुरी, भांडी आणि प्लास्टिकचे नमुने यांच्याकडे ठेवून. मग यांच्या अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकाने, मस्कतमध्येच अल् घुब्रा भागात एक गाळा दिला आणि इब्राहिमभाईंनी तिथे तयार जपानी पदार्थांचं दुकान थाटलं. काचेमागे ट्रे मांडलेले. बटाट्याची कटलेटं, तळलेलं चिकन, अंड्याची गोडसर वडी, समुद्रातल्या शेवाळाचा कागद गुंडाळलेले भाताचे त्रिकोण आणि मंद आचेवर शिजवलेला भोपळा. बोट दाखवायचं, डबा भरून घ्यायचा, घरी जायचं. जपानी माणूस जिथे दारू घालतो तिथे इब्राहिमभाई खजुराचा पाक घालतात.

तिखट मात्र मिळत नाही.

"हिरवी मिरची?"

"नाय."

"चटणी?"

"नाय."

"निदान कांदा?"

"भाऊ, आपलं जेवण आठवडाभर भांडतं. पोटाला पण सुट्टीचा एक जुम्मा पायजे का नको?"

एकदा एका धिप्पाड ओमानी गिऱ्हाइकाने खिशातून लाल सॉसची बाटली काढली. इब्राहिमभाईंनी वाकून ती काढून घेतली आणि तो निघाला तेव्हा वाकून परत दिली. तो अजून दर गुरुवारी येतो.

मीही जातो. सुरुवातीला त्यांच्या बटाट्याच्या सॅलडला मी आजाऱ्याचं जेवण म्हणत असे. आता ऑफिसात कुणी झापलं की माझी गाडी आपोआप तिकडे वळते. मी भोपळा खातो. भोपळा मला काही विचारत नाही.

एका संध्याकाळी गेलो तर इब्राहिमभाई पुसलेली काच पुन्हा पुसत होते.

"हमीदा येतेय," ते म्हणाले. "व्हिजिट व्हिसावर."

हमीदा म्हणजे त्यांची बायको. मी अभिनंदन केलं. काच पुसणं चालूच.

"माझ्या हातचं तिनं कधी खाल्लं नाय, भाऊ."

"लग्नाला इतकी वर्षं झाली तरी?"

"सुट्टीत गेलो की चुलीकडे फिरकू देत नाय. म्हणते, तिथं राबता, इथं तरी बसा. मी बसतो. सुट्टी खलास. तिच्या हातच्या माशाच्या सारासाठी अख्खा मोहल्ला वास घेत येतो. आणि मी तिच्यापुढे काय ठेवणार? भोपळा." त्यांनी फडकं पिळलं. ते कोरडंच होतं. "आयुष्य गेलं ह्या जेवणात. तिला नाय आवडलं तर मग मी इतकी वर्षं इथं काय केलं?"

मी "इन्शाल्ला, आवडेल," म्हणालो. पण त्यांचं तोंड बघून मला वाटलं, आपण मदत केली पाहिजे. माझ्या मदतीबद्दल माझ्या बायकोचं एक ठाम मत आहे. ते इथे देत नाही.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून इब्राहिमभाई विमानतळावर गेले. भोपळ्याचं पातेलं माझ्या ताब्यात होतं. "आच मंद. फक्त बघायचं. हात लावायचा नाय."

मी बघत बसलो. बघता बघता मला त्या भोपळ्याची दया आली. इतक्या लांबून कोकणातली बाई येणार आणि तिच्यापुढे हा असा गरीब, फिका. माझ्या खिशात घरून आणलेली मालवणी मसाल्याची पुडी होती. एक चमचा घातला. तो एकटा दिसला म्हणून आणखी एक घातला.

हमीदाभाभी आल्या. ठेंगण्या, काळा बुरखा, थेट नजर. दुकानात शिरताच इब्राहिमभाई सवयीने त्यांना वाकले.

"काय झालं? कंबर धरली काय?"

भाभींना खुर्चीवर बसवलं. एकेक बशी पुढे आली. भाभींनी कटलेट खाल्लं. अंड्याची वडी खाल्ली. भाताचा त्रिकोण उलटा-सुलटा करून बघितला, मग तोही खाल्ला. इब्राहिमभाई भिंतीला टेकून उभे. त्यांचा श्वास चालू असावा, दिसत नव्हता.

"मीठ बरोबर हाय," भाभी म्हणाल्या.

कोकणात यापुढे स्तुती नसते. पण त्या पुढे बोलल्या, बशीकडे बघत.

"तुमच्यावानीच हाय हे. फोनवर तुमी काय बोलता? जेवलीस काय, बरी हायस ना, ठेवतो. बस. पण मला दिवसभर पुरतं."

इब्राहिमभाई पाठ करून उभे राहिले आणि काच पुसू लागले. बराच वेळ पुसत होते.

मग भाभींनी भोपळ्याचा घास घेतला आणि थांबल्या.

"हे तुमी नाय केलं."

इब्राहिमभाईंनी चाखलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हटलं, परका मुलूख," मी म्हणालो. "तुम्हाला जरा घरची चव..."

"घरची चव मी रोज खाते, भाऊ. ह्यांची खायला विमानात बसले."

त्यांनी भोपळ्याचा वाडगा माझ्यापुढे सरकवला आणि इब्राहिमभाईंना हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. अंड्याच्या वडीचे दोन तुकडे केले आणि एक त्यांच्या बशीत वाढला. मी तिथेच उभा आहे हे त्यांना थोड्या वेळाने आठवलं असावं.

"तुमी अजून इथंच? वाडगा घेऊन जा. आणि मसाला शिळा हाय."