उलटी टांगलेली कात्री

योंगमानने आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही बायकोने सांगितली म्हणून.

एरवी तो चोरी करणाऱ्यांतला नव्हे. देजॉनच्या पाणीपुरवठा कचेरीत त्याने बत्तीस वर्षं काढली, पण कचेरीची टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही. (एकदा शर्टाच्या बाहीला अडकून एक आली होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती परत नेऊन दिली, तर परत आलेल्या टाचणीची नोंद कुठे करायची यावर कचेरीत अर्धा दिवस खल झाला.) असा हा माणूस साठाव्या वर्षी कात्री चोरायला निघाला, कारण त्यांचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट काही केल्या विकला जात नव्हता.

आणि विकला जाणं तर फार गरजेचं होतं. दक्षिणेला नामहे बेटावर, त्याच्या बायकोच्या, मालसुनच्या, बहिणीच्या शेजारी, एक बैठं घर मिळत होतं. पुढे अंगण, मागे लसणाचं वावर, समोर समुद्र. तीस वर्षं मालसुनने गॅलरीतल्या कुंड्यांत मिरच्या लावल्या होत्या आणि जमिनीचं स्वप्न पाहिलं होतं. त्या घराचा म्हातारा मालक म्हणाला होता, "चुसोकच्या सणापर्यंत थांबतो. पुढे नाही. सोलचं एक जोडपं मागे लागलंय, त्यांना इथे कॉफीचं दुकान टाकायचंय." सण आता बारा दिवसांवर आला होता. मालसुन कॅलेंडरकडे बघायचंच टाळायची, आणि ती बघत नाही हे बघून योंगमानचा जीव तुटायचा.

घर दाखवण्याचं खातं इमारतीखालच्या एजंट बान बाईंकडे होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी घरभर फिरून नाक मुरडलं आणि नियम सांगितले.

"भर दुपारी आले तरी सगळे दिवे लावायचे. गॅसवर कॉफी उकळत ठेवायची. बांगडा भाजायचा नाही, सोयाबीनची आमटी करायची नाही. आणि दारात एकही बूट नको. बूट दिसले की घरात माणसं राहतात असं वाटतं."

"आम्ही राहतोच की," योंगमान म्हणाला.

"तेच दिसायला नको!"

मग त्यांनी योंगमानला आपादमस्तक न्याहाळलं आणि मालसुनकडे वळून हळूच म्हणाल्या, "ह्यांना कुठे पाठवता येईल का हो? ते सोफ्यावर बसले की हॉल चार हातांनी लहान दिसतो."

तेव्हापासून गिऱ्हाईक यायचं म्हटलं की योंगमान खाली घसरगुंडीजवळच्या बाकावर. वर मालसुन दारातले सगळे बूट एका मोठ्या पिशवीत कोंबून मागच्या बॉयलरच्या खोलीत ढकलायची, उशा थोपटायची, आणि कॉफी उकळायची, जी दोघांपैकी कुणीच पीत नसे. सात महिन्यांत एकोणीस गिऱ्हाइकं येऊन गेली. कुणी 'विचार करून कळवतो' म्हणालं, कुणी तेही म्हणालं नाही. एकोणिसाव्या बाईंनी पडदे कुठून घेतले ते विचारलं. मालसुनला वाटलं, आता जमतंय. त्यांनी दुकानाचं नाव लिहून घेतलं आणि गेल्या त्या गेल्याच.

त्या संध्याकाळी बान बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता एकच उपाय. कात्री."

हा उपाय देजॉनमध्ये शेंबडं पोरही सांगेल. मांस भाजून देणाऱ्या, भरपूर चालणाऱ्या खानावळीतली कात्री आणून ती चपलांच्या कपाटात उलटी टांगायची. तिथे गिऱ्हाइकांची रीघ लागते तशी आपल्या घराला लागते. अट एवढीच की कात्री मागून आणायची नाही, विकत घ्यायची नाही. चोरूनच आणायची.

"मी सरकारी नोकरीत होतो!" योंगमान ओरडला.

"म्हणूनच कुणाला संशय येणार नाही," मालसुन म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "अहो, बोरामचे बाबा, मला ते घर फार हवंय हो." तीस वर्षांत तिने 'मला हवंय' असं फारसं कधी म्हटलंच नव्हतं. योंगमान निमूट उठला.

चौकातली ओकबुनबाईंची खानावळ म्हणजे बाहेर बाकांवर माणसं ताटकळत बसलेली. योंगमान नंबर लावून आत गेला, बूट काढले, बैठ्या टेबलाशी मांडी घातली आणि बरगड्या मागवल्या. कात्री समोर आली. त्याने हात पुढे केला की कुणीतरी बाई यायची, ती उचलायची, कराकरा मांस कापायची आणि म्हणायची, "खा ना काका, थंड होतंय." बाई गेली की मांस संपलेलं. मांस संपल्यावर कात्रीजवळ बसून राहायला कारण हवं, म्हणून आणखी एक प्लेट मागवायची. अशा चार झाल्या. शेवटी पलीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या टाळ्या सुरू झाल्या, ती संधी साधून त्याने कात्री कोटाच्या आत सरकवली. ती नुकतीच शेगडीजवळून आलेली होती. त्याच्या बरगड्यांना चटका बसला, पण तोंडातून हूं की चूं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण बत्तीस वर्षांची सवय आडवी आली. योंगमानने खिशातून एक जुना लिफाफा काढला, अंदाजाने कात्रीची किंमत त्यात घातली आणि तो ताटलीखाली ठेवला. मग घामाघूम होत, पोट आणि कात्री दोन्ही सांभाळत, गल्ल्यावर बिल भरलं, दोनदा वाकून नमस्कार केला, दारातले बूट पायात कोंबले आणि तो जो निघाला तो घरी येऊनच थांबला.

कात्री टांगली गेली. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बान बाईंचा फोन आला. आनंदाने त्यांचा आवाज चिरकत होता. "अगं बाई, खाली एक बाई आल्यात! तुमच्याच फ्लॅटचा नंबर विचारत होत्या. जाहिरात नाही, काही नाही, सरळ नंबर! घेऊन येतेय वर!"

"कात्री!" मालसुन ओरडली. दिवे लागले, बूट पिशवीत गेले. पण योंगमानला खाली जायला वेळच उरला नाही. दाराची घंटा वाजली आणि त्याने दाराबाहेरचं दाखवणाऱ्या भिंतीवरच्या छोट्या पडद्यात पाहिलं. बान बाईंच्या मागे, हातात कापडी पिशवी घेऊन, साक्षात ओकबुनबाई उभ्या होत्या.

"ती... खानावळवाली..." एवढंच तो म्हणाला आणि बुटांची पिशवी उचलून बॉयलरच्या खोलीत गडप झाला.

आत कोंडलेल्या योंगमानला सगळं ऐकू येत होतं. ओकबुनबाईंनी नमस्कार केला आणि पहिल्यांदा चपलांचं कपाटच उघडलं. कपाट बंद झाल्याचा आवाज.

"बघा, अनुभवी माणूस आधी कपाटं बघतो," बान बाई कुजबुजल्या.

ओकबुनबाईंनी मग पलंगाखाली वाकून पाहिलं. दारांच्या मागे पाहिलं. कपड्यांचं कपाट उघडलं. गॅलरीत गेल्या आणि तिथे मात्र थबकल्या. समोर डोंगर होता, ऊन थेट आतपर्यंत येत होतं.

"इथे सकाळी पण ऊन असतं?"

"नऊपासून," मालसुन म्हणाली. "मिरच्या चांगल्या होतात हो."

"आणि लिफ्ट?"

"दोन आहेत."

"हं," ओकबुनबाई म्हणाल्या. "आणि त्या दाराआड काय आहे?"

"तो नुसता बॉयलर!" मालसुन धावली, पण दार उघडलं गेलं होतं. बॉयलरशेजारी, बुटांची पिशवी मांडीवर घेऊन, योंगमान उकिडवा बसला होता.

"हे आमचे..." मालसुनच्या तोंडून पुढचा शब्दच फुटेना.

योंगमान मात्र फुटला. बत्तीस वर्षांचा प्रामाणिकपणा धरण फुटल्यासारखा बाहेर आला. "मीच चोरली! कात्री मीच चोरली! आणि उत्तरेकडच्या खोलीत कपाटामागे बुरशी येते, दर हिवाळ्यात! वरच्यांची मुलगी चार वाजता पियानो वाजवते, आणि तिला तो येत नाही! आणि कॉफी खोटी आहे, आम्ही पीत नाही!"

बान बाई मटकन सोफ्यावर बसल्या. मालसुनने डोळ्यांना पदरासारखा एप्रन लावला. तिच्या डोळ्यांपुढून लसणाचं वावर, अंगण, समुद्र असं सगळं एकेक करून निघून चाललं होतं. "जाऊ दे," ती म्हणाली, "नामहे नशिबात नव्हतं." आणि ओकबुनबाईंनी विचारल्यावर तिने सगळं सांगून टाकलं.

ओकबुनबाईंनी ऐकून घेतलं, ती खोटी कॉफी एक कप प्यायल्या आणि म्हणाल्या, "आम्ही खानावळीच्या वरच राहतो. चाळीस पायऱ्या. नवऱ्याचे गुडघे गेलेत. वर्षभर घरं बघतोय, एकाही घरात बुरशी नव्हती म्हणे. कपाटं मात्र सगळीकडे भिंतीला चिकटलेली. उद्या त्यांना घेऊन येते. त्यांना ऊन आवडलं की झालं."

योंगमानची छाती फुगली. बायकोकडे बघत तो म्हणाला, "बघितलंस? शेवटी कात्रीच कामाला आली."

"ती राहू द्या तुमच्याकडे, पैसे दिलेत तुम्ही," ओकबुनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून तो लिफाफा काढून टेबलावर ठेवला. सोसायटीच्या बिलाचा लिफाफा होता तो. वर छापलेलं इमारत क्रमांक, फ्लॅट क्रमांक आणि योंगमानचं पूर्ण नाव. "बावीस वर्षांत शेकड्यांनी कात्र्या गेल्या माझ्या. पत्ता ठेवून जाणारा चोर पहिलाच."

"म्हणजे पत्ता वाचून घर बघायला आलात?" बान बाईंनी विचारलं.

"घर? घराचं तुम्हीच बोलत होता लिफ्टमध्ये. मी ह्यांच्यासाठी आले होते." त्यांनी योंगमानच्या मांडीवरच्या पिशवीतून काळ्या बुटांचा एक जोड काढला. "माझ्या नवऱ्याचे. तीन दिवस ते खानावळीच्या संडासातल्या सपाता घालून हिंडताहेत." आणि आपल्या कापडी पिशवीतून त्यांनी योंगमानचे स्वतःचे, टाचा झिजलेले बूट काढून त्याच्यापुढे ठेवले.

मालसुन बघतच राहिली. "तरीच! तीन दिवस सांगताय, कात्री आणल्यापासून पायाचं कुरूपसुद्धा दुखत नाही म्हणून!"

सणाच्या पाच दिवस आधी करार झाला. करारनाम्यात खाली विशेष अटींसाठी जागा असते. बुरशी, पियानो, सगळं माहीत असल्याने ओकबुनबाईंना तिथे काहीच लिहायचं नव्हतं. त्यांनी एकच अट घातली, की घर सोडून जाताना मालकिणीच्या नवऱ्याने आपलेच बूट घालून जावे. घर मालसुनच्या नावावर होतं. तिने ती अट दोनदा वाचली आणि ताबडतोब सहीचा शिक्का मारला.