पांचवीच्या एकमुखी होकाराची बखर

॥ श्री ॥ अक्षरें देणारी माउली आणि वीज देणारी माउली उभयतां प्रसन्न असोत, ऐन तासाला रुसूं नयेत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी कोवळी, ते समयीं पांचवीच्या राज्यावर त्रिंबकराव घुगरे मास्तर गणिताची गादी चालवीत होते. राज्य लहान, कौलारू, खिडक्यांतून चिंचेची सावली आंत येई. राजियांचा दरारा थोर आणि माया त्याहून थोर. लौकिक ऐसा कीं या राज्यांत न समजलेलें मूल नाही. त्याचें कारण तेथील रिवाज. राजे फळ्यावर गणित मांडीत, मग हातांवरील खडू झटकून पुसत, "समजलं का?" आणि समस्त प्रजा एका गळ्यानें "होऽऽ" ऐसा घोष करी, तो घोष जात्याच्या घरघरीसारखा एकसूर भरून राही, आणि राजियांचें चित्त निवे, आणि राजे पुढील धडा काबीज करावयास निघत. मागें वळून पाहण्याचें कारण कधीं पडलें नाही.

ऐशांत वर्दी आली कीं केंद्रप्रमुख साहेब, जे आसपासच्या शाळा तपासीत फिरतात, त्यांची स्वारी परवां येणार. हेडमास्तरांनीं राजियांस बोलावून सांगितलें कीं गांवकऱ्यांनीं दिलेला टीव्ही तुमच्याच भिंतीवर आहे, त्यावर विणलेला रुमाल आहे आणि दसऱ्याची सुकली झेंडूमाळ आहे, तर ती उतरवून साहेबांस कांहीं चालवून दाखवावें. राजियांस तें यंत्र चालवितां येत नव्हतें, म्हणून राजे खिन्न जाहले. मग शेजारील चौथीच्या राज्याच्या राणी उज्ज्वलाबाई सोनवलकर, वयानें राजियांच्या लेकीएवढ्या, त्यांस पाचारण केलें. बाई पिशवीभर पुठ्ठे घेऊन आल्या. राजे म्हणाले, "चालवाल ते चालवा, बाई. माझ्या पोरांना सगळं येतं." बाई म्हणाल्या, "येतच असेल, सर. मग दिसू दे की."

त्या हत्याराची रीत ऐसी. प्रत्येक मुलास पुठ्ठ्याची एक ढाल द्यावी. ढालीवर काळ्या चौकोनांची नक्षी, एकीची दुसरीशीं जुळत नाही, आणि चार कडांवर बारीक अक्षरांत अ, ब, क, ड. टीव्हीवर प्रश्न उमटला कीं मुलानें आपल्या उत्तराची कड वर करून ढाल उंचवावी, आणि मास्तरांनीं एकाच फोनाचा कॅमेरा समस्त ढालींवरून फिरवावा, म्हणजे कोण काय म्हणतो तें फोनास कळतें आणि शेजाऱ्यास कळत नाही. मुलांपाशीं फोन असण्याची गरज नाही. बाईंनीं आणिकही सांगितलें कीं ढालीस चकचकीत कागद चढवूं नये, उजेड तळपतो आणि फोन आंधळा होतो. बोटें नक्षीवर येऊं देऊं नयेत. नांवें आणि प्रश्न घरींच रेंज असतां उतरवून ठेवावे. टीव्हीवर नांवें दाखवूं नयेत, उत्तरांचे खांब मात्र दाखवावे. आणि चार उत्तरांत एक जागा "मला समजलं नाही" यासाठीं राखावी. राजे हांसले कीं ती जागा ओस पडेल.

मग दुसरे दिवशीं राजियांचाच फोन तारेनें टीव्हीस जोडिला, आणि जोडितांच टीव्हीवर वरून एक पट्टी उतरली: "पालक नको, कालचा तसाच आहे. मेथी बघा. गोळ्या घेतल्या का?" तो राजियांच्या घरच्या राणीसाहेबांचा निरोप प्रजेनें एका गळ्यानें मोठ्यानें वाचिला आणि ऋतुराज नामें एक मुलगा म्हणाला, "सर, घ्या ना गोळ्या." बाईंनीं ओठ दाबून फोनावरील विमानाचें चिन्ह दाबिलें आणि म्हणाल्या कीं वर्गांत शिरण्यापूर्वीं हें दाबावें, मग निरोप येत नाहीत.

प्रश्न राजियांनीं स्वयें दिला. एका चिक्कीचे आठ समान वांटे केले त्यांतील एक वांटा मोठा, कीं चार केले त्यांतील एक? अपूर्णांक तर मागील महिन्यांतच जिंकिले होते. ढाली उंचावल्या, जणूं काळ्यापांढऱ्या पाखरांचा थवा बसला, बाईंनीं फोन फिरविला, आणि टीव्हीवर खांब चढूं लागले. आठवा भाग मोठा म्हणणाऱ्यांचा खांब चढत चढत वर गेला. चौथ्या भागाचा खुजा राहिला. आणि ओस पडणार होती ती जागा, तीही भरली. राजे म्हणाले कीं फोन बिघडला. बाईंनीं आपला फोन जोडून पुन्हा ढालींवरून फिरविला आणि खांब तैसेच उभे राहिले. मग मुलें घरीं गेलीं आणि राजे बांकावर बसून टीव्हीकडे पाहत राहिले. बाई हळूच म्हणाल्या, "उद्या सोपा प्रश्न टाकते, सर. साहेब खूष होऊन जातील. हे मग सावकाश बघू." राजे म्हणाले, "टाका."

दुसरे दिवशीं साहेबांची स्वारी आली, खुर्ची दिली, चहा आला. सोपा प्रश्न उमटला आणि एकच खांब आभाळास भिडला. साहेब संतोष पावले, उठतां उठतां सहज म्हणाले, "वा. अपूर्णांकही झालेच असतील." राजियांनीं संवयीनें प्रजेकडे वळून पुसिलें, "समजलेत ना रे?" आणि समस्त प्रजा म्हणाली, "होऽऽ". तोच एकसूर. परंतु त्या दिवशीं तो राजियांच्या काळजास लागला. साहेबांचें एक पाऊल दाराबाहेर होतें. जाऊं दिलें असतें तर लौकिक अभंग राहता. राजे म्हणाले, "थांबा, साहेब. हे 'हो' खरं नाही. पोरांची चूक नाही. मीच असं विचारतो की दुसरं काही म्हणताच येत नाही." आणि बाईंस खूण केली कीं कालचा प्रश्न लावा.

खांब साहेबांसमक्ष पुन्हा चुकीचे चढले. राजियांचे कान लाल जाहले. त्यांनीं उत्तर सांगितलें नाही. प्रत्येक जोडीस सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या दिल्या आणि म्हणाले, घड्या घाला आणि शेजाऱ्याशीं भांडा. मग जें रण माजलें तें काय वर्णावें. "आठ मोठे ना चारापेक्षा!" "अगं पण आठ जणांत वाटलं की तुझ्या वाट्याला चुरा!" राजे मधून हिंडत होते आणि कोणासही बरोबर चूक म्हणत नव्हते. पुन्हा ढाली उंचावल्या, पुन्हा फोन फिरला, आणि चौथ्या भागाचा खांब उसासारखा वाढला. टाळ्या पडल्या. तथापि "मला समजलं नाही" या जागेवर एक बोटभर खांब उरला. नांव टीव्हीवर नव्हतें, राजियांनीं विचारिलेंही नाही. टाळ्या शमल्यावर मैथिली ढवळे, जी होकारांत सर्वांत उंच सूर लावी, ती आपण होऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझं अजून नाही."

कोणी हांसलें नाही. राजे तिच्याजवळ जाऊन भुईवर बसले, पट्टी हातीं घेतली आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, बाळा. ही घडी आधी तू घाल." साहेब दाराहून परत येऊन खुर्चीवर बसले. चहा निवला.

ऐसी हकीकत. पूर्वीं लोक म्हणत कीं त्रिंबकरावांच्या वर्गांत सर्वांस समजतें. पुढें म्हणूं लागले कीं त्यांच्या वर्गांत समजलें नाही ऐसें सांगतां येतें. यांपैकीं कोणता लौकिक थोर, ऐसें कोणी पुसिल्यास राजे म्हणत कीं दुसरा, आणि तो मला मैथिलीनें दिला. लेखनसीमा.