पांढऱ्या शर्टातली सेवा

दर रविवारी सकाळी चर्चला जायचा पांढराशुभ्र शर्ट घालून ताव्हिता परसातल्या उमूशेजारी, म्हणजे तापल्या दगडांच्या चुलीशेजारी उभा राहायचा, हातात लाकडी चिमटा घ्यायचा आणि धाकट्या भावाला, इओपूला म्हणायचा, "काढ फोटो." पहाटे चारला उठून लाकडं पेटवायची, दगड तापवायचे, त्यांच्यावर अळकुड्या आणि डुक्कर रचून केळीच्या पानांनी झाकायचं, हे सगळं इओपूनं केलेलं असायचं. फोटोही तोच काढायचा. मग फोटो फेसबुकवर. खाली ओळ, "कुटुंबाची सेवा, दर रविवारी."

तीन वर्षं हे चाललं होतं. आम्ही शेजारी मुकाट्यानं लाइक करायचो. न करून काय करता, रोज तोंड बघायचं असतं एकमेकांचं.

ताव्हिताला वडिलांची पदवी हवी होती. म्हातारा गेल्यापासून घराण्याला मताई, म्हणजे पदवीचा कुटुंबप्रमुख नव्हता, आणि आमच्या सवाई बेटावर मताई होतो तो घराची सेवा केलेला माणूस. शब्द चालायचा तो वडिलांच्या थोरल्या बहिणीचा, ऑकलंडच्या लांगीआत्याचा. आत्या प्रत्येक फोटोखाली लाल हृदय टाकायची, त्यामुळे ताव्हिता निर्धास्त होता. आणि एका शुक्रवारी आत्या बोटीतून उतरून थेट दारात उभी राहिली.

"पदवीचं एकदा उरकून टाकू," ती म्हणाली. "पण आधी रविवारी तुझ्या हातचं जेवते."

"आत्या, प्रवासानं दमला असाल. इथं जवळच एक चांगलं हॉटेल..."

"हॉटेलात जेवायला एवढी विमानं-बोटी करत आले होय रे मी?" मग ती इओपूकडे वळली. "तू परवा झोप बाबा. फोटो काढून काढून दमला असशील."

शनिवारी ताव्हितानं इओपूला माडाखाली गाठलं. "पहाटे येऊन गुपचूप लावून दे. आत्याला कळायचं नाही."

"आत्यानं झोपायला सांगितलंय."

"मी मोठा भाऊ सांगतोय."

"आत्या तुझ्याहून मोठी," इओपू म्हणाला आणि त्या रात्री आठलाच आडवा झाला.

रविवारी पहाटे ताव्हिता एकटा परसात आला. उमूतले जुने दगड काळेकुट्ट, ओबडधोबड. फोटोत असले कसे दिसतील? त्यानं किनाऱ्यावरून गोरेगोमटे, गुळगुळीत, ओलेचिंब दगड उचलून आणले, त्यांच्याखाली जाळ केला आणि शर्ट घालून चिमटा घेऊन उभा राहिला.

आत मुरलेलं पाणी तापून पहिला दगड फुटला तेव्हा आम्हाला वाटलं, कुणाचा टायर गेला. मग दुसरा, मग एकदम चार. राख छपरापर्यंत उडाली. कापायला बांधलेलं डुक्कर दावं तोडून जे पळालं, ते पाद्र्यांच्या भाजीच्या वाफ्यात जाऊन थांबलं. दुपारी आख्ख्या घरानं पाव आणि डब्यातली मासळी खाल्ली. ताव्हिताच्या शर्टाला अकरा भोकं पडली होती.

"आत्या, खरं सांगतो," तो मान खाली घालून म्हणाला. "उमू मी कधीच लावला नाही."

"माहितेय." आत्यानं माशाचा काटा बाजूला ठेवला. "बावीस वर्षं लाँड्रीत काम केलंय मी. जाळापुढचा पांढरा शर्ट, आणि त्यावर राखेचा ठिपका नाही? असला शर्ट मी जन्मात धुतला नाही."

"मग ती हृदयं?"

"ती फोटो काढणाऱ्याला होती."

ताव्हितानं हळूच विचारलं, "आणि बाबांची पदवी?"

"वर्षभर दर रविवारी तू उमू लाव, मग बघू. मी परतीचं तिकीटच काढलेलं नाही."

पुढच्या रविवारी ताव्हिता चारला उठला. अळकुड्या अर्ध्या कच्च्या राहिल्या, भुवया जळाल्या, डोळे लाल झाले, पण दगड काही फुटले नाहीत. इओपूनं आपणहून त्याचा फोटो काढला आणि ओळ तीच टाकली, "कुटुंबाची सेवा, दर रविवारी."

तासाभरात ऑकलंडहून चुलतबहिणीनं खाली लिहिलं, "हा कोण नवा गडी ठेवलात? बिचाऱ्याला वेळेवर जेवायला घालता ना? आणि आमचा ताव्हितादादा कुठंय?"

इओपूनं परसात बघितलं. ताव्हिता चिमटा मांडीवर घेऊन, माडाला टेकून घोरत होता.

"दादा झोपलाय," इओपूनं उत्तर टाकलं. "तीन वर्षं रविवारी झोपतोच तो."