मल्लूअण्णांचा रुसलेला हत्ती

आमच्या भवानी पेठेत कुणी मोबाईल घेऊन तुमच्याभोवती फिरायला लागलं, तर घाबरू नका. ते मल्लूअण्णा. चिंचोळीच्या कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले आणि दिसेल त्याचे चहूबाजूंनी फोटो काढत सुटले. ते फोटो कॉम्प्युटरला खाऊ घातले की वस्तू पडद्यावर जशीच्या तशी उभी राहते म्हणे. सरावासाठी ते एकदा भाजीवाल्या शेवंताबाईंभोवती फिरू लागले. बाईंनी मेथीची जुडी उगारली. "थांबा की अण्णा, आणखी फिरला तर लगीन लागंल आपलं!"

ही सगळी खटपट एका पडक्या महादेवाच्या देवळासाठी. अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे गौराक्कांच्या माहेरचं देऊळ. निम्मं उभं, निम्मं शेतात पसरलेलं. अण्णा फोटोंवरून दगडांच्या कडा जुळवून ते कॉम्प्युटरात पुन्हा बांधत होते, आणि त्यांना घाई होती. गौराक्कांना विसरायचा आजार जडलाय. सकाळी जेवल्या का ते आठवत नाही, पण लहानपणीचं ते देऊळ लख्ख आठवतं. तेवढं आठवतंय तोवर त्यांनी बघून "हेच ते" म्हणावं, बस्स.

दाराच्या उजवीकडचा हत्ती शाबूत होता, डावीकडचा गायब. अण्णांनी उजवीकडचाच आरशातल्यासारखा उलटा करून डावीकडं बसवला. दोघं समोरासमोर, दाराकडं तोंड करून.

गौराक्कांनी पडद्याकडं बघून नाक मुरडलं. "ह्यो न्हाय. आमचा रुसल्याला. दाराकडं पाठ करून असायचा."

"अगं, कॉम्प्युटर सांगतोय की!"

"कॉम्प्युटर आमच्या गावचा हाय व्हय?"

शेजारी म्हणून चहाला आलेला मी, चहा सांडेस्तोवर हसलो. अण्णांनी धुसफुसत हत्ती फिरवला.

परवा गौराक्कांच्या गावाहून फोन आला. नांगरताना हत्तीचा दगड वर आला होता. मी अण्णांना स्कूटरवर घालून नेलं. चिखल धुतला, गड्यांनी दगड दाराशी लावला, कड चपखल बसली. हत्ती निमूटपणे दाराकडंच बघत होता.

"जिंकलात की अण्णा! चला, अक्कांना सांगू!"

घरी गौराक्का दारातच होत्या. "सापडला व्हय हो? कसा हाय?"

"लई रुसलाय," अण्णा म्हणाले. "तोंडच दाखवंना."

गौराक्का टाळी वाजवून हसल्या, "म्हटलं न्हवतं?" म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी अण्णांना धरलंच. "चक्क खोटं बोललात की हो!"

अण्णा चष्मा पुसत राहिले.

"तिच्याजवळ एवढंच उरलंय की रे," म्हणाले. "ते बी चूक म्हणू?"