पारामुक्त सबिरकुल

सबिरकुलने आरशासमोर जबडा ताणला आणि घोषणा केली, "आज व्याही येतील तेव्हा या तोंडात पाऱ्याचा एक कण सापडणार नाही!"

"पाऱ्याच्या भट्टीवर उभा जन्म काढलात," कणीक मळता मळता त्याची बायको अनारकान म्हणाली, "आणि आता दातांतल्या चार ठिपक्यांवर कसला राग काढताय?"

पण राग ठिपक्यांवर नव्हताच. राग होता तुर्गुनबायवर. तुर्गुनबाय म्हणजे वरच्या कुरणांतला मेंढ्यांचा मोठा धनी. त्याचा मुलगा एल्झात आणि सबिरकुलची मुलगी आयझिरेक यांचं ओश शहरातल्या कॉलेजातच ठरलं होतं. तुर्गुनबायने मात्र सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "खाणीच्या गावची मुलगी? तिथली माणसं पाऱ्याने पोखरलेली असतात. हात थरथरतात, लाळ गळते, जीभ अडखळते. आधी बापाला बघतो, मग मुलीचं बघू!"

तेव्हापासून आयझिरेकच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. आज ती मंडळी येणार होती. उकडलेलं काळीज आणि मेंढीच्या शेपटीची चरबी व्याह्यांनी एकमेकांना भरवली की सोयरीक पक्की. मग ती कुणालाही मोडता येत नाही. आणि सबिरकुल हसला की घशापर्यंतच्या दाढा दिसत. त्यांतल्या चार दाढांत पाऱ्याचे करडे भराव लकाकत!

सकाळीच तो दातांच्या डॉक्टर झामिराकडे जाऊन खुर्चीत चढला.

"काका, भराव अगदी शाबूत आहेत," झामिरा आत डोकावून म्हणाली. "शाबूत भरावातून वाफ निघते ती नावापुरती. कोरायला घेतलं की उलट जास्त उठते. राहू द्या की!"

"पोरी, मी भट्टीवर होतो. वाफेचं मला शिकवू नकोस."

"भट्टीवर होतात म्हणून तर तुम्हाला सहज कळायला हवं!"

तो ऐकेना. शेवटी झामिराने स्वतःच्या तोंडाला मास्क लावला, त्याच्या तोंडात रबराची पातळ चादर ताणून बसवली, हवा ओढणारी नळी लावली आणि पाण्याची धार सोडून चारही भराव कोरून काढले. खड्ड्यांत तात्पुरता मसाला भरला. जबडा बधिर करायला दोन्ही बाजूंना सुया टोचल्या होत्याच.

"संध्याकाळपर्यंत तोंड बधिर राहील," झामिरा म्हणाली. "तोवर काही खायचं नाही हं!"

सबिरकुलने ऐटीत मान हलवली. पाहुणे काय, रात्रीच्या जेवणाला येणार होते!

पाहुणे आले भर दुपारी. खिंडीत बर्फ पडणार असं ऐकून ती मंडळी पहाटेच निघाली होती. पुढे तुर्गुनबाय, मागे त्याची बायको, तिच्या आधाराने त्याची म्हातारी आई सायराकान आजी. आणि एल्झातच्या दोन्ही हातांत पाण्याचे कॅन!

"आमच्या झऱ्याचं पाणी आहे," तुर्गुनबाय म्हणाला. "आम्ही इथलं पीत नाही. राग मानू नका."

सबिरकुलला म्हणायचं होतं, 'या, बसा, घर तुमचंच आहे.' बाहेर पडलं ते, "फा, फफा, फर फुमचंफ!"

तुर्गुनबायची भुवई वर गेली.

अनारकानने घाईघाईने चहा ओतला. त्यांच्याच पाण्याचा. सबिरकुलने वाटी ओठांना लावली. ओठ आहेत कुठे हेच त्याला कळत नव्हतं! चहा एका कोपऱ्यातून आत गेला आणि दुसऱ्या कोपऱ्यातून, फुटक्या नळासारखा, हनुवटीवरून खाली आला. घाबरून त्याचा हात असा थरथरला की वाटी बशीवर टाळ वाजवू लागली.

"हात," तुर्गुनबाय बायकोच्या कानात पुटपुटला. "लाळ. जीभ. सांगितलं नव्हतं?"

पडद्यामागे आयझिरेकने डोळे गच्च मिटून घेतले.

काळजाचं आणि चरबीचं ताट आलं. सायराकान आजीने रीतीप्रमाणे पांढराशुभ्र तुकडा उचलला आणि सबिरकुलच्या तोंडात दिला. सबिरकुलने तोंड मिटलं, निदान त्याला तसं वाटलं. तुकडा जिभेवरून घसरला, ओठांवर क्षणभर रेंगाळला आणि टपकन मांडीवर पडला!

सोयरिकीचा घास मांडीवर? तुर्गुनबायने टोपी चाचपली. "आम्ही निघतो. खिंड बंद होईल."

"बस खाली," आजी म्हणाली. "घास मी भरवलाय, तू नाहीस. काय रे सबिरकुल, गाल भोपळ्यासारखा का झालाय? आ कर बघू!"

सबिरकुलने आ केला. आजी आत डोकावली. "अगं बाई, हे तर दातांच्या डॉक्टरचं काम! कधी केलंस?"

"फफाळी!" आणि मग हातवारे करत, अर्धं अनारकानच्या तोंडून, सगळं बाहेर आलं. भराव, वाफ, सुया. व्याह्यांना पारा दिसू नये म्हणून केलेला सगळा खटाटोप.

"म्हणजे होता तर पारा!" तुर्गुनबाय गरजला.

"होता," अनारकान म्हणाली. "आता नाही. तुमचं काय?"

"माझं काय?"

आजी खुदकन हसली. तिने स्वतःचा जबडा उघडला. आत करड्या भरावांची रांगच रांग! "रशियनांच्या काळात बसवलेत. सबिरकुल, हा पारा आला असेल रे कुठून?"

"आमच्या भट्टीतूनच असणार, आजी," सबिरकुल म्हणाला. या गोंधळात सुयांचा असर ओसरून जीभ बरीच सुटली होती. "तेव्हा इथूनच सगळीकडे जायचा."

"म्हणजे उभ्या जन्मात मी तुझ्या गावचा माल चघळतेय! आणि तू रे, पाण्याचे कॅन घेऊन हिंडणाऱ्या? आ कर!"

"आई, पाहुण्यांदेखत..."

"आ!"

तुर्गुनबायने आ केला. सबिरकुल वाकून पाहू लागला आणि त्याची छाती आपोआप फुगत गेली. व्याह्यांच्या तोंडात चक्क खाण होती! विहीणबाईंनी आधीच डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकलं होतं, आणि अनारकाननेही ओठ घट्ट मिटले होते.

"तर मंडळी," सबिरकुल आता खणखणीत बोलला, "इथल्या वडीलधाऱ्यांत दातांत पारा नसलेला माणूस एकच. मी!"

तुर्गुनबाय आधी लाल झाला, मग पोट धरून इतका हसला की सगळी खाण उजेडात आली. आजीने नवा तुकडा भरवला. तो आत गेला आणि आतच राहिला! सबिरकुलने तुर्गुनबायला घास दिला आणि तुर्गुनबाय वर चहाही प्यायला, चक्क गावच्या पाण्याचा! विहीणबाईंनी आयझिरेकला पडद्याबाहेर बोलावून तिच्या कानांत सोयरिकीचे डूल घातले. एल्झातने कॅन अंगणात नेऊन ओतून दिले. सोयरीक पक्की!

"पण व्याही," तुर्गुनबाय गालावर हात ठेवून हळूच म्हणाला, "आता मलाच भीती वाटतेय. उद्या आम्ही सगळ्यांनीच काढून घ्यावेत का?"

"छे छे!" सबिरकुल विजयी सेनापतीसारखा ताठ बसला. "भट्टीवरचा माणूस सांगतोय, ऐका! भराव शाबूत असेल तर हात लावायचा नाही. आतून निघणारी वाफ नावापुरती. कोरताना उलट जास्त उठते. शहाण्या माणसाने उगाच काढू नयेत!"

सगळे आदराने माना डोलवू लागले. सायराकान आजीने मात्र मान तिरकी केली.

"मग तू का रे काढलेस?"

सबिरकुलने ताटातला काळजाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला, अख्खा तोंडात कोंबला आणि तोंड भरलंय अशी खूण करून फार वेळ, फार सावकाश चावत राहिला.