सुरूच्या बनातला सिनेमा

गाड्या ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नव्हता! अर्थात तेव्हा, म्हणजे साठ-एकसष्ट साली, जिल्ह्यात गाड्याच फारशा नव्हत्या. किहीमच्या तांबड्या रस्त्यावर लांबून धुरळा दिसला, की माणसं हातातली कामं टाकून कडेला उभी राहायची. आता तो धुरळासुद्धा आठवला की बरं वाटतं.

मुंबईला बी.ए. होऊन मी मे महिन्यात गावी आलो होतो. दिनानाथमामा हे गावच्या नात्याने मामा. त्यांच्या कोकिळेला मी मागणी घातली होती, आणि मामा ‘इचार करतंय’ म्हणून नारळांना शिंपणं करत बसले होते.

अशात एका दुपारी एक अजब गाडी सुरूच्या बनात येऊन थांबली. रंग सायीसारखा, काचांना फुलाफुलांचे पडदे, मागे पत्र्याचं इवलंसं धुराडं!

“काय रं बीए,” मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, “कंची गाडी ही?”

मामांच्या मागे कळशी घेऊन कोकिळा उभी. ‘माहीत नाही’ हे शब्द आमच्या कॉलेजात शिकवत नसत.

“प्रसिद्धी खात्याची, मामा! सिनेमाची!”

हे अगदीच निराधार नव्हतं. पडदे लावलेली बंद गाडी गावात वर्षातून एकदाच यायची, जपानी भातशेतीचा फुकट सिनेमा दाखवायची आणि जायची. बातमी शेजारच्या चोंढी गावापर्यंत गेली. तिन्हीसांजेला अर्धं गाव चटया, पोरं आणि उकडलेल्या शेंगा घेऊन गाडीसमोर हजर! बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मध्ये रिवाजाप्रमाणे काथ्याची दोरी.

इतक्यात गाडीचं छप्पर कुरकुरत वर उठलं आणि त्याखाली पांढरं कापड ताणलं गेलं.

“पडदा!” मी ओरडलो. टाळ्या!

आत दिवा लागला. कापडावर एका बाईची सावली उमटली. ती अंडी फोडत होती.

“मुका शिनेमा हाय वाटतं,” कोकिळेची आत्या सखुबाई म्हणाली.

“भातशेती न्हाय?” मामा.

“पोषण आहे, मामा.”

मग एक पुरुष उमटला. त्याने सदरा काढला. दोरीपलीकडे भराभर पदर डोळ्यांवर गेले. पदर मात्र विरळ विणीचे होते.

“बीए, ह्ये सरकार दाखवतंय?”

“स्वच्छता! आता आंघोळ येईल.”

आलीच! पण त्यानंतर पुरुष बाईच्या फारच जवळ सरकला. मी कुटुंब नियोजनावर भिस्त ठेवून होतो. मामांना तेवढा दम नव्हता. उठून त्यांनी पत्र्यावर काठी हाणली.

“बंद करा रं ह्ये!”

दार उघडलं. कमरेला टॉवेल गुंडाळलेला ओलाचिंब गोरा साहेब! मागे झारा उगारलेली मडम!

“आगो बाय! पडद्यातून भायेर आला!” सखुबाई किंचाळली, आणि चटया, पोरं, दोरी यांचा एकच गुंता झाला.

शेवटी माझं इंग्रजी कामी आलं. साहेब सुतार होता. पाववाल्याची जुनी गाडी घेऊन त्याने तिच्यात स्वतः पलंग, चूल, मोरी बसवली होती आणि थेट विलायतेहून बायकोला घेऊन जग बघायला निघाला होता.

“मामा,” मी हळूच म्हणालो, “हे त्यांचं घर आहे.”

“म्हंजे आमी सगलं गाव, बायकापोरांसकट, परक्याच्या घरात बघत बसलो व्हतो?” मामांनी काठी माझ्याकडे वळवली. “या येड्याला माजी पोर द्यायची न्हाय!”

गाव खेळ बघायलाच आलं होतं. ते हाही खेळ बघूनच उठलं.

मी मुंबईला जायला ट्रंक भरली. पण सकाळी कोकिळेने बापाला सांगितलं, “नवरा करीन तर यालाच.” एकुलत्या एका पोरीपुढे मामांचं काय चालणार? लग्न झालं. माझ्या पदवीची छाप पडली, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. एकदा न राहवून तिला विचारलं.

“छाप कसली!” ती तांदूळ निवडत म्हणाली. “इतक्या लोकांसमोर इतका चुकलेला माणूस घरात पुन्हा कधी ‘मला माहीत आहे’ म्हणायचा नाही, एवढंच बघितलं.”

तिचा अंदाज कितपत खरा ठरला, ते तिलाच विचारा. मला हल्ली काही माहीत नसतं.