भोईरकाकांचा डबा आणि टॅरोचे पत्ते

टॅरोवाल्यांसमोर बसलं की लोक आपलं नशीब विचारतात. भोईरकाका डबा ठेवतात. स्टीलचा, झाकण घट्ट लावलेला. मग हाताची घडी घालून म्हणतात, "ह्यात काय हाय, सांगा."

उत्तर चुकलं की काका उठतात. राग नाही, वाद नाही. खिशातल्या वहीत 'रिजेक्ट' लिहायचं, खाली तारीख, सही, आणि "चल."

हे 'चल' मला असतं. मी रोह्यात काकांच्या शेजारी राहतो, शाळेत भूगोल शिकवतो आणि माझ्याकडे स्कूटर आहे. एवढ्याच पात्रतेवर मी या मोहिमेत ओढला गेलो.

काका धाटावच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. त्यांच्या सहीशिवाय एक ड्रम गेटबाहेर पडत नसे. रिटायर झाले, पण सवय काही रिटायर झाली नाही. दूधवाल्याचं दूध ते आधी काचेच्या ग्लासात ओतून उजेडात धरतात. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सांगतात, "एक जिलबी परातीच्या वरची दे, एक तळाची." टेस्ट केल्याबिगर नाय, हे त्यांचं ब्रीद.

ज्या माणसानं पोटच्या मुलीच्या लग्नाला मुहूर्त विचारला नाही, तो या वयात टॅरोच्या मागे का लागला, ते मला कळेना. मी विचारलं तर म्हणाले, "भरवशाचं माणूस पायजे." कशासाठी? "आधी मिळू तर दे."

डब्याचे नियम कडक होते. काकी सकाळी भाजी करायला लागली की काका नाकाला रुमाल लावून परसात जाऊन उभे राहत. "मला समजलं तर माज्या तोंडावरनं वळखतील." मलाही वास घ्यायची मनाई होती. दोन्ही हात हँडलवर असताना नाक कसं बंद ठेवायचं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

पहिल्या बाई रोह्यातच, ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत. डोळे मिटून म्हणाल्या, "गोड आहे काहीतरी. घरात आनंदाची बातमी येतेय." निघालं वालाचं बिरडं. दुसरे गृहस्थ पेणला मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर, आठ बोटांत नऊ अंगठ्या घालून बसलेले. त्यांनी डब्याकडे न बघताच सांगितलं की लवकरच तुमच्या आयुष्यात एक स्त्री येणार.

"आलेली हाय," काका म्हणाले. "हा डबा तिनंच दिलाय."

त्या दिवशी डब्यात सुकट होती. ती मला नागोठण्याच्या अलीकडेच कळली होती, त्या गृहस्थांना टेबलावर ठेवूनही कळली नाही. येताना वाटेत गडब गावातल्या टपरीवर पाव घेऊन आम्ही ती संपवली. मला अजूनही काही म्हणजे काही कळत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी काका परसात उभे असताना मी काकीला गाठलं. तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. ऑपरेशनच्या आधी पत्ते दाखवायचे हे खूळ तिचंच असणार, असा माझा कयास होता.

"माजं?" काकी झाकण दाबत म्हणाली. "मी तर बॅग भरून बसलेय. डॉक्टरनी कागद दिलाय, नातेवाइकानं सही करायची. तेवढी ह्यांच्यानं होत नाय. रोज काढतात, वाचतात, परत घडी घालून खिशात." मग हळूच म्हणाली, "तू काय बोलू नको हां त्यांना. तुज्याबरोबर फिरून येतात, तेवढंच बरं वाटतं."

आयुष्यभर सह्या ठोकलेला माणूस एका सहीला घाबरला होता, आणि टॅरोवाली त्याला कशी उपयोगी पडणार होती, याचा मला पत्ता लागत नव्हता. पण त्या दिवशी स्कूटर चालवताना मला हसू आलं नाही.

तिसरी होती हमरापूरची दीपाली. गणपती रंगवायचं काम करते, रविवारी पत्ते बघते. ओसरीवर न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीनं बसलेल्या. तिनं हात पुसले, पत्ते काढले. काकांनी डबा ठेवला.

"मला कसं कळंल काका? झाकण लावलंय."

काका सावरून बसले. "पत्ते काढून बघ ना."

"पत्त्यांना नाय दिसत डब्यातलं."

मग काकांनी तिला एकाच प्रश्नावर दोनदा पत्ता काढायला लावला. दोन्ही वेळा वेगळा निघाला. "असं कसं?" काकांनी विचारलं.

"मधी पिसले ना."

काकांनी वही काढली. झालं, म्हणून मी किल्ली हातात घेतली. त्यांनी लिहिलं, 'पास'. मी बघतच राहिलो. "रिझल्ट आला नाय तर नाय आला असं जो लिवतो," ते मला म्हणाले, "तो केमिस्ट भरवशाचा."

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. आवाज इतका खाली गेला होता की दीपाली पुढे वाकली. "माजी बायको ऑपरेशनातनं परत येल ना?"

तिनं पत्त्यांना हातही लावला नाही. "ते मला नाय माहीत, काका. खोटं कसं सांगू?"

तीन रविवार धुंडाळून सापडलेलं भरवशाचं माणूस हे असं बोललं. काकांना तिच्यावर चिडताही येईना, पास त्यांनीच केलं होतं. ते नुसते मान हलवत उठले.

बाहेर येऊन त्यांनी खिशातला कागद स्कूटरच्या सीटवर पसरला. घड्यांवर तो विरायला आला होता. सही त्यांनी एका झटक्यात केली, कंपनीत करत असतील तशी. 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी मात्र हात थांबला.

"बॅच फेल गेली तर दुसरी काढता येते रे," ते म्हणाले. "त्या जोरावर सह्या केल्या मी, तीस वर्षं."

कागद उडू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. काका रडत होते, आणि रडता रडताच त्यांनी अक्षर न बिघडवता, सावकाश, 'पती' असं लिहिलं.